ॲट, ऑन, इन आणि आजी

(द्वितीय वर्ष, कला)

इंग्रजी भाषेतले सर्वांत अवघड शब्द कोणते, असे कोणी मला विचारले तर मी लांबलचक स्पेलिंगचे शब्द मुळीच सांगणार नाही. लांब शब्दांचे एक बरे असते. दहा वेळा वहीत गिरवले की ते मुकाट्याने डोक्यात बसतात आणि परीक्षा होईपर्यंत जागचे हलत नाहीत. खरा छळ मांडते ती दोन-दोन अक्षरांची चिमुकली मंडळी. ॲट, ऑन, इन, बाय! शब्दकोश उघडावा तर एकेकाच्या अर्थांनी रकानेच्या रकाने भरलेले, आणि त्यांतला आपल्याला हवा तो अर्थ नेमका कुठे दडला आहे ते सापडेस्तोवर तास संपतो.

कंपल्सरी इंग्लिशच्या पेपरात या मंडळींसाठी एक राखीव प्रश्न असतो : गाळलेल्या जागा भरा. वाक्याच्या मधोमध एक रेघ, आणि तिच्यावर कोणाला बसवायचे ते तुम्ही ठरवायचे. आमच्या वर्गातले बहुतेक जण खेड्यापाड्यांतून एस.टी.ने येणारे, मराठी शाळेत शिकलेले, आणि घरातून कॉलेजची पायरी चढलेले पहिलेच. आम्ही या प्रश्नाला 'लॉटरी' म्हणतो. तीनच तर शब्द आहेत, एक तरी लागेलच!

पण आमचे इंग्रजीचे सर लॉटरीवर विश्वास ठेवणाऱ्यांतले नव्हेत. काळ दाखवणारी प्रिपोझिशन शिकवायला घेतली त्या दिवशी त्यांनी फळ्यावर तीन चित्रे काढली. एक खुंटी, एक ओटा आणि एक धान्याचे बळद. म्हणाले, "खुंटीला एकच वस्तू अडकते. ती ॲट. घड्याळातली वेळ खुंटीला अडकवा. ओट्यावर माणूस दिवसभर बसतो. तो ऑन. वार आणि तारीख ओट्यावर बसवा. आणि बळदात पोतीच्या पोती मावतात. ते इन. महिना, ऋतू, वर्ष, शतक, सगळे त्यात ओता." वर्ग खो खो हसला. परंतु त्यानंतर ॲट फाइव्ह ओक्लॉक, ऑन मंडे, इन जून म्हणताना आमच्यापैकी कोणी फारसे अडखळल्याचे मला आठवत नाही.

सरांनी उदाहरणही नामी दिले. देश स्वतंत्र झाला तो ॲट मिडनाइट, ऑन द फिफ्टीन्थ ऑफ ऑगस्ट, इन १९४७. घटना एक, शब्द तीन, लहानाकडून मोठ्याकडे. मग जरा थांबून ते म्हणाले, "आपल्याकडे मात्र इन १९४८ म्हणायचे हं!" हे खरेच. आमचा मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तो मोकळा झाला १७ सप्टेंबर १९४८ रोजी, बाकीच्या देशानंतर तेरा महिन्यांनी. व्याकरणाच्या तासाला असा थोडा इतिहास शिरला की मला फार बरे वाटते.

आता नियम आला म्हणजे मागोमाग अपवाद आलेच. सकाळ, दुपार, संध्याकाळ या बळदात जातात : इन द मॉर्निंग, इन द इव्हनिंग. रात्र मात्र खुंटीला : ॲट नाइट. का बुवा? रात्र काय सकाळपेक्षा लहान असते? शेताला रात्रीची लाइट असते म्हणून पहाटेपर्यंत चिखलात उभे राहून ज्याने पाणी दिले आहे, त्याला विचारा! मला वाटते, इंग्रज माणूस रात्री अंथरुणात झोपलेला असावा, आणि झोपलेल्याला सगळी रात्र टिंबाएवढीच. बरे, त्याच सकाळीला वार चिकटला की ती बळदातून उठून ओट्यावर येऊन बसते : ऑन मंडे मॉर्निंग. सणांचेही तसेच. ॲट दिवाली म्हटले तर दिवाळीचे ते सगळे दिवस आले, आणि ऑन दिवाली डे म्हटले तर त्यांतला एकच आला. शिवाय नेक्स्ट, लास्ट, धिस, एव्हरी यांपैकी कोणी दारात उभे असेल तर तिघांनाही मज्जाव. नेक्स्ट मंडे, नुसतेच.

इथे आमच्याकडची मुले हटकून ऑन नेक्स्ट मंडे लिहितात. मला त्यांची बाजू घ्यावीशी वाटते. मराठीत 'पुढचा सोमवार मी येईन' असे कोणी म्हणत नाही. 'पुढच्या सोमवारी' असेच म्हणावे लागते. तो शेवटचा 'ई' आपल्या अंगात इतका मुरलेला असतो की, इंग्रजीत शिरतानाही तो ऑनचा सदरा घालून सोबत येतो. उलट काल, आज, उद्या यांना मराठीत काही जोडावे लागत नाही, म्हणून ऑन यस्टरडे असे सहसा कोणी लिहीत नाही.

हा 'ई' म्हणजे कोण? तो आपल्या ओळखीचाच आहे. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' १८३६ साली प्रसिद्ध झाले. तेव्हापासून आजपर्यंत विभक्तीचे किती तक्ते मराठी मुलांनी घोकले असतील याला गणती नाही. सप्तमी : त, ई, आ. घोकताना वाटते, याचा उपयोग चार मार्कांपुरता. पण जरा आपलेच बोलणे ऐकावे. सकाळी, दुपारी, रात्री, सोमवारी, उन्हाळ्यात, सुगीत. दिवसभर आपण सप्तमीच बोलत असतो!

त्याहून मौजेची गोष्ट मला एका सरकारी कागदावर सापडली. 'अमुक तारखेस रोजी सकाळी अकरा वाजता', 'सन अमुक साली' असली ती भाषा. वाचता वाचता मी थबकले. वाजता, रोजी, साली! अहो, खुंटी, ओटा आणि बळद आपल्याकडेही आहेत की! घड्याळाला वाजता, तारखेला रोजी, वर्षाला साली, आणि जुन्या कारकुनी भाषेत महिन्यासाठी माहे. रोज आणि साल हे शब्द फारसीतून आले, त्यांना आपली 'ई' लागली आणि ते आपले झाले. 'वाजता' मात्र अस्सल घरचा. पाच वाजता म्हणजे पाचचे टोल वाजत असताना. घड्याळ पाहण्याआधी ते ऐकण्याची सवय आपल्या भाषेला असली पाहिजे. हे सर्व मला कोणी शिकवले नव्हते. इंग्रजीची गाळलेली जागा भरता भरता स्वतःच्या भाषेत हे सापडले, याचा मला त्या दिवशी इतका आनंद झाला की बस चुकता चुकता राहिली.

मोठा फरक आहे तो जागेचा. आपले प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाच्या मागून चालतात. इंग्रजीत ही मंडळी पुढे चालतात, आणि म्हणूनच त्यांना प्रि-पोझिशन म्हणायचे. मराठीत मी 'पोळा' म्हणून क्षणभर थांबू शकते, आणि मग 'पोळ्याला', 'पोळ्यानंतर', 'पोळ्याच्या सुमारास' असे जे सुचेल ते जोडू शकते. इंग्रजीत ही सवलत नाही. तोंड उघडण्याआधीच ठरवावे लागते की मी सांगणार ती वेळ खुंटीएवढी आहे, ओट्याएवढी आहे की बळदाएवढी. म्हणजे ती आपल्याला किती नेमकी ठाऊक आहे, हे आधी मनाशी पक्के करायचे आणि मग बोलायचे. आमच्या घरात हे फार जड जाते.

माझ्या वडिलांचेच पाहा. त्यांचा जन्म १ जूनचा. चुलत्यांचा १ जूनचा. शेजारच्या तात्यांचाही १ जूनचाच! गावातली पन्नाशीच्या पुढची कितीतरी माणसे १ जूनला जन्मलेली आहेत. त्या दिवशी गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर केकच्या चित्रांचा असा पाऊस पडतो की, खरा पाऊसही लाजेल. कारण साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. शाळा जूनमध्ये उघडायची, पोराला घेऊन बाप मास्तरांसमोर उभा राहायचा, जन्मतारीख त्याला सांगता येत नसे. मास्तर पोराकडे एकवार पाहायचे, सहा वर्षे मागे मोजायचे आणि १ जून लिहून मोकळे व्हायचे. मास्तरांना मी नावे ठेवत नाही. त्यांनी ती तारीख लिहिली नसती तर नाव पटावर चढलेच नसते.

आता इंग्रजीत वाक्य करा : माय फादर वॉज बॉर्न ऑन द फर्स्ट ऑफ जून, १९७३. व्याकरणाच्या दृष्टीने वाक्य निर्दोष. पूर्ण मार्क. आणि वाक्य साफ खोटे! आजीला विचारले तर ती सांगते, "दुष्काळ सरला आन् पयला हुरडा झाला बघ, त्या हुरड्यात." दुष्काळ म्हणजे बहात्तरचा. त्र्याहत्तरच्या पावसाळ्यात रान पुन्हा हिरवे झाले. ज्वारी हुरड्यात येते ती मार्गशीर्ष-पौषात. तेव्हा वडील जन्मले ते १९७३ च्या अखेरीस नाहीतर १९७४ च्या आरंभी, ऐन थंडीत. म्हणजे सरळसरळ इन विंटर. इन लिहिले की वाक्य खरे होते. पण अर्जावर इनला जागाच नसते. तिथे तीन चौकोन असतात, दिवस, महिना आणि वर्ष, आणि तिन्ही भरल्याशिवाय संगणक पुढे सरकत नाही. आजीच्या स्वतःच्या आधार कार्डावर १ जानेवारी आहे. ती म्हणते, "रझाकाराच्या येळंला मी कडंवर व्हते." कडेवर होते! याला कुठले प्रिपोझिशन लावायचे ते इंग्रजांनी सांगावे.

मात्र इंग्रजीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर मी अन्याय केल्यासारखे होईल. जिथे आपण एका शब्दावर भागवतो तिथे इंग्रजी कधी कधी दोन शब्द ठेवते, आणि त्या दोघांमधल्या फटीत माणसाचे नुकसान व्हायचे थांबते. आपला 'पर्यंत' घ्या. 'पाच वाजेपर्यंत ये' आणि 'पाच वाजेपर्यंत बस'. पहिल्यात पाचच्या आधी केव्हाही आले तरी चालेल. दुसऱ्यात पाच वाजेतो हलायचे नाही. इंग्रजीत पहिल्याला बाय, दुसऱ्याला टिल. शिष्यवृत्तीचा अर्ज बाय द थर्टी-फर्स्ट द्यायचा असतो, आणि खिडकी उघडी असते टिल फाइव्ह. आपण दोन्हींकडे पर्यंतच म्हणतो, आणि क्रियापदावरून काय ते समजून घेतो. बहुतेक वेळा समजतेही.

इन आणि विदिन यांतला फरक तर मी गावात वापरला आहे. इन थ्री डेज म्हटले की ऐकणारा पुष्कळदा 'तीन दिवसांनी' असे समजतो. विदिन थ्री डेज म्हटले की 'तीन दिवसांच्या आत', तिथे शंकेला वाव नाही. २०१६ साली प्रधानमंत्री पीक विमा योजना सुरू झाली. तीत गारपिटीसारखे नुकसान झाले तर ७२ तासांच्या आत कळवावे अशी अट होती. मी बारावीत होते. मंगळवारी रात्री अकराच्या सुमारास गारा पडल्या. गुरुवारी सकाळी तात्या मोबाइल घेऊन आमच्या ओट्यावर आले. इंग्रजी मजकूर होता.

"वाच बरं बाई, काय म्हन्तोय त्यो."

मी वाचून सांगितले.

"म्हंजी तीन दिस. आज बेस्तरवार. ऐतवारपतोर हाय मग."

"नाही तात्या. आजपासून नाही मोजायचे. गारा पडल्या त्या घटकेपासून तास मोजायचे. उद्या रात्री अकराला संपतात."

तात्या उठले ते तडक कामाला लागले. त्यांनी गुरुवारीच कळवले. पुढे पैसे आले की नाही, तो वेगळ्या निबंधाचा विषय आहे! पण तेव्हापासून इंग्रजीचा कागद आला की गल्लीतली माणसे माझ्याकडे येतात. बँकेचा असो, दवाखान्याचा असो. मी आधी विदिन, बाय, बिफोर कुठे आहेत ते शोधते. कागदातला खरा मुद्दा बहुधा त्यांच्या आसपासच असतो.

आता ज्या शब्दासाठी हे सारे लिहायला घेतले त्याच्याकडे येते. सिन्स.

मराठीत 'पासून' एकच. 'सकाळपासून उभी आहे', 'दोन तासांपासून उभी आहे'. इंग्रजीत पहिल्याला सिन्स आणि दुसऱ्याला फॉर. सरांनी सोपे करून सांगितले : ज्याच्यावर बोट ठेवता येते त्याला सिन्स, जे मोजून सांगता येते त्याला फॉर. सिन्स मॉर्निंग, सिन्स मंडे, सिन्स २०२०. फॉर टू अवर्स, फॉर फाइव्ह इयर्स. क्रियापदही नुसते चालत नाही. आय ॲम स्टँडिंग सिन्स मॉर्निंग असे आपल्याकडे सर्रास म्हणतात, पण पुस्तकी इंग्रजीला हॅव बीन स्टँडिंग लागते. गोष्ट तेव्हा सुरू झाली आणि अजून संपलेली नाही, एवढे सगळे त्या हॅव बीनमध्ये यावे लागते. मराठीत साध्या वर्तमानकाळावर भागते.

सरांनी सांगितले, घरच्या माणसांवर सिन्सची पाच वाक्ये करून आणा. चार वाक्ये एस.टी.तच झाली. पाचवे घरी गेल्यावर लिहिले : माय ग्रँडमदर हॅज स्लेप्ट इन द कोर्टयार्ड सिन्स द अर्थक्वेक.

आमचे गाव किल्लारीपासून फार लांब नाही. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे तीन वाजून छप्पन मिनिटांनी भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातली गावेच्या गावे गेली. जवळजवळ दहा हजार माणसे मेली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बुडवून लोक नुकते कुठे झोपले होते. आमच्याकडची घरे दगडामातीच्या जाड भिंतींची, आणि वर लाकडावर मातीचे जड माळवद. उन्हाळ्यात आत कसे गार वाटते, याचे कौतुक असायचे. त्याच भिंती आणि तेच माळवद अंगावर आले.

माझे वडील तेव्हा एकोणीस वर्षांचे होते. विसर्जनाहून येऊन मारुतीच्या पारावरच मित्रांबरोबर झोपले होते, म्हणून वाचले. आजोबा आणि आजी दाराजवळ होते. आत्या आतल्या खोलीत होती.

आत्याला मी पाहिलेले नाही. तिचा फोटोही नाही. दहा-अकरा वर्षांची असेल. शेळ्या राखायची, म्हणून शाळेत नाव घातलेच नव्हते. वडिलांना मास्तरांनी निदान १ जून तरी दिला होता. तिला तोही मिळाला नाही. तिचा जन्म कधीचा ते आजी सांगते : "पांढऱ्या गाईला कालवड झाली त्या पावसाळ्यात." कालवडीची तारीख कुठे लिहिलेली असणार? म्हणजे जन्माला फक्त इन, आणि तोही आजीच्या तोंडचा. मृत्यूच्या दाखल्यावर मात्र दिनांक आहे, महिना आहे, सन आहे, रोजीसुद्धा आहे. वेळ दाखल्यावर नाही, पण ती साऱ्या जिल्ह्याला पाठ आहे. तिच्या नावापुढे लिहिलेली ही एकच तारीख. बाकी तिच्याबद्दल कुठल्याही कागदावर काही नाही.

या तारखेबद्दलही आजीचे आणि कागदाचे जुळत नाही. कागदावर ३० सप्टेंबर, आणि त्या दिवशी गुरुवार होता. आजी म्हणते बुधवारी गेली. लहानपणी मला वाटायचे, म्हातारपणामुळे तिला नीट आठवत नाही. पण तिचे बरोबर आहे. इंग्रजी दिवस मध्यरात्री पालटतो, आपला दिवस सूर्य उगवल्यावर. तीन वाजून छप्पन मिनिटांनी सूर्य कुठे उगवला होता? आजीच्या हिशेबी ती बुधवारची रात्रच होती, चतुर्दशीची. म्हणून दर वर्षी ३० सप्टेंबरला सगळीकडे श्रद्धांजलीचे कार्यक्रम होतात तेव्हा आजी शांतपणे आपली कामे करत असते, आणि अनंत चतुर्दशीला, गावात ढोल वाजत असताना, ती जेवत नाही. ती चतुर्दशी कधी सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात येते, कधी शेवटच्या. ऑन लिहून तिच्या हातात ठेवावी अशी एक तारीख त्यासाठी नाहीच.

सरांनी माझी वही पाहिली. पहिल्या चार वाक्यांवर भराभर टिका केल्या. पाचव्यापाशी त्यांची पेन्सिल थांबली. आमच्या भागातला माणूस 'कुठला भूकंप' असे विचारत नाही.

"आजी अजून बाहेरच झोपतात?" त्यांनी विचारले.

"हो सर."

"पावसाळ्यात?"

"पडवीत. पत्र्याखाली. पण आत नाही."

त्यांनी टीक केली आणि वही परत दिली. नंतर वर्गाला त्यांनी फळ्यावर एक वाक्य लिहून दाखवले, ते माझे नव्हते, कुठल्या तरी कारखान्यातल्या नोकरीचे होते. त्याबद्दल मी मनातल्या मनात त्यांचे आभार मानले.

आता पुनर्वसनातले आमचे घर सिमेंटचे आहे. इंजिनिअरांनी भूकंपाचा विचार करून बांधलेले आहे, ते पडणार नाही, असे वडिलांनी तिला अनेकदा समजावले. ती मान डोलावते आणि अंथरूण उचलून बाहेर जाते. मी तेच वाक्य एकदा फॉर घालून करून पाहिले : फॉर मोर दॅन थर्टी इयर्स. व्याकरणाने तेही बरोबर. मी आजीला मराठीत सांगितले, "आजी, तीस वर्षांच्या वर झाली तुला बाहेर झोपायला." ती माझ्याकडे बघतच राहिली. "तीस?" म्हणाली. बोटांवर काही तरी मोजू लागली, वडिलांचे लग्न, माझा जन्म, आजोबा गेले ते साल, आणि मध्येच सोडून दिले. तिला वर्षांचा हिशेब नको होता. सिन्सचे वाक्य तिला मी समजावून सांगितले तेव्हा मात्र तिने लगेच मान हलवली, "हां. भुकंपापसून. आसंच हाय."

आमच्या गावात बिफोर आणि आफ्टर मात्र कोणाला शिकवावे लागत नाही. भूकंपाआधी आणि भूकंपानंतर, दुष्काळाआधी आणि दुष्काळानंतर. या दोन शब्दांना वेळ केवढी आहे याची पंचाईत नसते. पुढे मिनिट असो, वार असो, वर्ष असो, बिफोर म्हणजे बिफोर. इंग्रजीतही ते तसेच आहेत, म्हणून गाळलेल्या जागांत मला सगळ्यांत प्रिय असलेले हे दोन शब्द. दुर्दैवाने पेपर काढणारे त्यांना फारसे विचारत नाहीत!

परवा रात्री मी अभ्यासाला बसले होते. आजी पाणी प्यायला आत आली.

"परीक्षा कवा हाय गं?"

"मार्चमध्ये, आजी."

"मार्चात म्हंजी? जत्रंच्या आदी का मागून?"

आमच्या गावची जत्रा हनुमान जयंतीची. मी भिंतीवरच्या कॅलेंडरात चैत्री पौर्णिमा कधी येते ते पाहिले.

"आधी."

"मग जत्रंला मोकळी हाईस," ती म्हणाली, आणि कोपऱ्यातली वाकळ काखेत मारून अंगणात गेली.